एड.डी. की पीएच.डी.? आधी तुमचा प्रश्न कुठला ते पाहा

अमेरिकेतल्या एखाद्या कम्युनिटी कॉलेजचा, म्हणजे तिथल्या दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजचा, संध्याकाळचा वर्ग डोळ्यांसमोर आणा. दिवसभर गोदामात, इस्पितळात राबून आलेली तिशी-चाळिशीतली माणसं बाकांवर बसली आहेत. पहिलं सत्र कसंबसं पार पडतं आणि दुसऱ्या सत्रात बाकं रिकामी दिसू लागतात. ही माणसं शिक्षण मध्येच का सोडतात, हा प्रश्न तिथल्या एका अधिकारी बाईंना छळतो आणि त्या त्यावर डॉक्टरेट करायचं ठरवतात. विषयाचं नाव 'प्रौढ व उच्च शिक्षणातील नेतृत्व'. पण त्यासाठी पदव्या दोन आहेत, पीएच.डी. आणि एड.डी. (डॉक्टर ऑफ एज्युकेशन). नावाआधी 'डॉ.' दोन्हींनी लागतं.

('प्रौढ शिक्षण' म्हटलं की आपल्याला साक्षरतेचे रात्रवर्ग आठवतात, १९५९ साली साताऱ्यातून सुरू झालेली ग्रामशिक्षण मोहीम आठवते. अमेरिकेत या शब्दात बरंच काही येतं: अर्धवट राहिलेली पदवी पुरी करणारे, नोकरीतलं प्रशिक्षण घेणारे, हायस्कूलची समकक्ष परीक्षा देणारे, सगळेच.)

बाईंनी पीएच.डी. निवडली, तर त्यांचा प्रश्न त्यांच्या कॉलेजाबाहेर पडेल. विद्यार्थी कॉलेजात रुळला नाही की निघून जातो, या अभ्यासक व्हिन्सेंट टिंटो यांच्या मांडणीपासून त्या सुरुवात करतील. मग बीन आणि मेट्झनर या संशोधकांनी १९८५ साली मांडलेल्या प्रारूपाकडे येतील. नोकरी करून शिकणाऱ्यांना कॉलेजातल्या मैत्रीपेक्षा कामाचे तास, पैसा आणि घरची जबाबदारी जास्त ओढते, असं ते सांगतं. हे आजही खरं आहे का, कोणाच्या बाबतीत खरं नाही, हे राष्ट्रीय पातळीवरच्या आकडेवारीतून किंवा सखोल मुलाखतींतून त्या तपासतील. हाती येईल ते ज्ञान देशातल्या कुठल्याही कॉलेजच्या अभ्यासकाला वापरता यावं, ही अपेक्षा.

एड.डी. निवडली, तर प्रश्न त्यांच्याच कॉलेजात राहील. नोंदणीची खिडकी पाचला बंद होते आणि वर्ग सहाला भरतो, हे त्यांना दिसेल. दुसऱ्या सत्राची फी भरायची तारीख पगाराच्या आधी येते, हेही दिसेल. त्या एक बदल ठरवतील, करून पाहतील, मोजतील, सुधारतील आणि पुन्हा मोजतील. अशा प्रबंधाला 'डिझर्टेशन इन प्रॅक्टिस' म्हणतात. वाचन इथेही तितकंच करावं लागतं, फक्त सिद्धान्त इथे हत्यार म्हणून वापरला जातो.

म्हणूनच एड.डी.ला पीएच.डी.ची धाकटी बहीण समजणं मला चुकीचं वाटतं. उलट एका बाबतीत एड.डी. जास्त अवघड आहे. स्वतःच्या कामाच्या जागी संशोधन करताना समोर बसलेला माणूस तुमच्या हाताखालचा असतो. तो 'हो' म्हणाला, तर ते मनापासून की साहेबांच्या धाकाने? विद्यापीठाची नीतिविषयक समिती नेमकं हेच विचारते. मुलाखती दुसऱ्याकडून घेणं, नावं काढून मगच माहिती हाती घेणं, अशी व्यवस्था आधी दाखवावी लागते. शिवाय दोष आपल्याच कार्यालयात निघाला, तर तो लिहिण्याचं धैर्य हवं.

या दोन पदव्यांत गोंधळ होतो, यात वाचकाचा दोष नाही. विद्यापीठांनीच तो वाढवला. हार्वर्डची शिक्षणशाखा १९२० साली उभी राहिली ती एड.डी. घेऊनच, आणि तिथली एड.डी. पुढे दशकानुदशकं संशोधनाचीच पदवी होती. अखेर २०१४ पासून त्यांनी तिच्या जागी पीएच.डी. आणली. शिक्षणव्यवस्था चालवणाऱ्यांसाठी एड.एल.डी. (डॉक्टर ऑफ एज्युकेशन लीडरशिप) ही वेगळी पदवी तिथे २०१० पासूनच सुरू झाली होती. २००७ साली शिक्षणक्षेत्रात काम करणाऱ्या कार्नेगी फाउंडेशनच्या पुढाकाराने अनेक विद्यापीठं एकत्र आली आणि एड.डी. ही काम करणाऱ्यांची पदवी म्हणून नव्याने घडवू लागली. तरीही काही ठिकाणी दोन्हींचा अभ्यासक्रम आजही जवळपास सारखाच आढळतो. त्यामुळे पदवीच्या नावावर विसंबू नका.

रोजच्या जगण्यात मात्र फरक ठळक आहे. पीएच.डी. बहुधा पूर्णवेळ, चार ते सहा वर्षांची. अनेक ठिकाणी आठवड्याला २० तासांचं साहाय्यकाचं काम, त्याबदल्यात फीमाफी आणि विद्यावेतन. एड.डी. बहुधा नोकरी सांभाळून, शनिवार-रविवारी किंवा ऑनलाइन, एकाच तुकडीसोबत तीनेक वर्षांत. फी स्वतःच्या खिशातून. मालकाने मदत दिली, तर वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतची रक्कम करमुक्त धरली जाते.

आपल्या लोकांनी इथे व्हिसाकडे नीट पाहावं. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पूर्ण वेळेच्या अभ्यासात सत्राला एकच ऑनलाइन विषय मोजला जातो, म्हणजे संपूर्ण ऑनलाइन एड.डी.साठी भारतातून तिकडे जाताच येत नाही. एच-४ वर (एच-१बीवाल्यांच्या जोडीदाराच्या व्हिसावर) असलेल्यांना शिकायला आडकाठी नाही, एच-१बी या नोकरीच्या व्हिसावरच्यांनाही नोकरी सांभाळून शिकता येतं. नवऱ्याच्या नोकरीमुळे तिकडे गेलेल्या, इथली प्राध्यापकी सोडलेल्या कितीतरी मराठी बायकांना हे दार उघडं आहे, आणि ते त्यांना कोणी सांगत नाही याची मला खंत वाटते.

परत येऊन महाराष्ट्रात शिकवायचं असेल, तर माझा कौल सरळ पीएच.डी.ला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत प्राचार्यपदासाठी 'पीएच.डी.' हाच शब्द आहे. जगातल्या पहिल्या ५०० मानांकित विद्यापीठांतल्या पदवीमुळे सहायक प्राध्यापकाला नेट या पात्रता परीक्षेतून सूट मिळते, तीही पीएच.डी.लाच. २०२२ च्या नियमांनुसार आपल्या विद्यापीठांना ऑनलाइन वा दूरस्थ पीएच.डी. देता येत नाही. आणि परदेशी विद्यापीठांच्या साथीने ऑनलाइन पीएच.डी. विकणाऱ्या कंपन्यांच्या जाहिरातींना भुलू नका, असं आयोगाने त्याच वर्षी बजावलं. एड.डी. करून परतायचंच असेल, तर ती इथे पीएच.डी.च्या बरोबरीची धरली जाईल का, याचं उत्तर प्रवेशाआधी लेखी मिळवा.

अर्ज भरण्यापूर्वी एक काम करा. त्या विभागातून अलीकडे पूर्ण झालेले चार-पाच प्रबंध विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या आणि प्रत्येकाचं फक्त पहिलं प्रकरण वाचा. प्रश्न कुठून उचलला आहे ते तिथेच कळतं: आधीच्या अभ्यासातल्या उणिवेतून, की पाचला बंद होणाऱ्या खिडकीतून.