जुन्या तेलसाठ्यातून आणखी तेल : रसायन विकत घेण्याआधी वाचा

विहिरीतून तेलापेक्षा पाणीच जास्त यायला लागले आणि कोणीतरी ‘पॉलिमर (पाणी दाट करणारे रसायन) घालून बघा’ असे सुचवले, की आमच्याकडे चौकशी येते. आमची प्रयोगशाळा छोटी आहे. आम्ही रसायने विकत नाही, फक्त तपासून देतो. त्यामुळे चार गोष्टी मोकळेपणाने सांगता येतात.

खाली उरलेले तेल दोन प्रकारचे

स्वतःच्या दाबावर तेल वर येण्याचे दिवस लवकर सरतात. मग दाब टिकवायला आणि तेल पुढे ढकलायला पाणी सोडतात. मुंबई हाय १९७४ मध्ये सापडले, १९७६ मध्ये तिथे उत्पादन सुरू झाले आणि १९८४ पासून समुद्राचेच पाणी खाली सोडायला लागले. एवढे करूनही जगभराची सरासरी पाहिली तर साठ्यातले साधारण एक-तृतीयांश तेलच हाती लागते.

बाकीच्यातले काही तेल जिथे पाणी पोचलेच नाही तिथे असते. काही तेल पाणी जाऊनही खडकाच्या बारीक छिद्रांत थेंबाथेंबाने अडकून बसते. दोघांचे उपाय वेगळे आहेत आणि बहुतेक गोंधळ इथेच होतो.

पॉलिमर

हा उपाय मुख्यतः जिथे पाणी पोचलेले नाही तिथल्या तेलासाठी. तेल दाट आणि पाणी पातळ असले की पाणी सोपी वाट धरून थेट उत्पादन विहिरीत उतरते आणि आजूबाजूचे तेल जागेवर राहते. पॉलिमरने पाणी दाट होते आणि जास्त भागातून फिरते. अडकलेले थेंब मात्र त्याने सहसा सुटत नाहीत.

चीनच्या दाचिंग क्षेत्रात १९९६ पासून हे मोठ्या प्रमाणावर चालू आहे. आपल्याकडचे उदाहरण बारमेरच्या मंगला क्षेत्राचे. ते २००४ मध्ये सापडले, २००९ मध्ये उत्पादन सुरू झाले, आधी छोट्या भागात चाचणी घेतली आणि २०१४-१५ च्या सुमारास पॉलिमर पूर्ण क्षेत्रात नेले. खडक वाळूचा, साठ्याचे तापमान ६५ अंशांच्या आसपास, तेल मध्यम दाट: पॉलिमरला सोयीचीच जागा. (तिथल्या तेलात मेण इतके आहे की वर आल्यावर ते थिजते, म्हणून पाइपलाइन सगळ्या वाटेवर तापवत न्यावी लागते. त्या दुखण्यावर पॉलिमरचा काही उपयोग नाही.)

नेहमीचे पॉलिमर म्हणजे एचपॅम (हायड्रोलाइज्ड पॉलिअॅक्रिलमाइड). तापमान ७५ अंशांच्या पुढे गेले आणि पाणी जड असले, म्हणजे त्यात कॅल्शियम जास्त असले, की हे पॉलिमर काही महिन्यांत खाली बसू शकते. मुंबई हायच्या मुख्य चुनखडीच्या थरात तापमान शंभराच्या वर आहे. मंगलाची कृती तिथे जशीच्या तशी चालणार नाही. उष्णतेला टिकणारी पॉलिमर मिळतात, पण ती महाग असतात. शिवाय लोखंड आणि प्राणवायू एकत्र आले की पॉलिमर तुटते आणि अरुंद व्हॉल्व्हमधून जोराने दाबले तरी तुटते. बिल पूर्ण दाटपणाचे, खाली पोचते पातळ पाणी, असे होऊ शकते.

सर्फॅक्टंट आणि अल्कली

सर्फॅक्टंट म्हणजे साबणासारखे काम करणारे रसायन, अल्कली म्हणजे सोड्यासारखे आम्लाच्या उलट गुणाचे रसायन. हे अडकलेल्या थेंबांसाठी. तेल-पाण्यातला पृष्ठताण हजारो पटींनी उतरला तरच थेंब हलतात. थोडाफार उतरून भागत नाही. अल्कली आम्लयुक्त तेलाशी मिळून खालीच साबण तयार करते, म्हणून महाग सर्फॅक्टंट कमी लागते. गुजरातच्या विराज क्षेत्रात ओएनजीसीने २००२ मध्ये अल्कली, सर्फॅक्टंट आणि पॉलिमर एकत्र वापरून चाचणी सुरू केली. जड पाण्यात अल्कलीमुळे क्षारांचे थर धरतात आणि वर आलेले तेल-पाण्याचे मिश्रण फोडणे कठीण जाते. हा खर्च हिशोबात धरायचा राहून जातो.

वायू, हवा, वाफ

कार्बन डायऑक्साइड पुरेशा दाबाला तेलात मिसळतो आणि तेल सैल होते. टेक्सासच्या सॅक्रॉकमध्ये हे १९७२ पासून चालले आहे. जवळ वायू नसेल तर विषय संपला. फार दाट तेलाला उष्णता लागते. वाफ खोल साठ्यात पोचेपर्यंत निवते. मेहसाण्याच्या बलोल आणि संथाल क्षेत्रांत म्हणूनच हवा सोडून थोडे तेल खालीच जाळतात आणि बाकीचे पातळ करतात. ही कामे आमच्या आवाक्याबाहेरची आहेत. योग्य ठिकाणी जा असे आम्ही सांगू.

आधी पाण्याचे बघा

आमचे मत स्पष्ट आहे: पाणी सोडण्याची व्यवस्था धड नसेल तर रसायनाला हात लावू नका. विहिरीभोवतीचे सिमेंट गळते आहे का, एकच थर सगळे पाणी पितो आहे का, हे ट्रेसर चाचणीतून (पाण्यात खुणेचा पदार्थ घालून त्याची वाट शोधणे) आणि विहिरीच्या लॉगमधून (विहिरीत उपकरण सोडून घेतलेल्या नोंदी) कळते. बंद करायची वाट बंद केली तर कधी कधी तेवढ्यानेच भागते. केंद्र सरकारच्या २०१८ च्या धोरणातली सवलत वाढीव उत्पादनावर आहे. म्हणून काहीही न करता उत्पादन कसे घटले असते, ती रेषा आधी कागदावर हवी.

नमुने पाठवताना

तेल अशा विहिरीचे घ्या, जिच्यात त्या दिवसांत डिमल्सिफायर (तेल-पाण्याचे मिश्रण फोडणारे रसायन) किंवा मेणरोधक घातलेले नाही. ती रसायने नमुन्यात उतरली तर पृष्ठताणाचे आकडे खोटे येतात. पाण्याचा पीएच, बायकार्बोनेट, विरघळलेला प्राणवायू आणि लोह विहिरीच्या तोंडाशीच मोजा. बाटली आमच्यापर्यंत येईतो ते बदललेले असतात. साठ्यातले पाणी आणि सोडायचे पाणी दोन्ही पाठवा. त्यांची एकमेकांशी कशी जमते हे बघावे लागते.

कोअर, म्हणजे साठ्यातून काढलेला खडकाचा नमुना, सुकू देऊ नका. साठ्याच्या पाण्यात बुडवून किंवा प्लास्टिक, फॉइल आणि मेणात गुंडाळून पाठवा. सोबत विहिरींचा महिन्यागणिक वॉटर कट (वर येणाऱ्या द्रवातले पाण्याचे प्रमाण) आणि दाबाच्या नोंदी द्या. कोअरमधून प्रवाह सोडून बघायला काही आठवडे लागतात. पॉलिमर साठ्याच्या तापमानाला ठेवून टिकते का हे बघायला महिने लागतात आणि ते लवकर उरकून देण्याची विनंती आम्ही मान्य करत नाही.