सीमा एक, जनुकं तीच, आजार मात्र सहापट

मुलाला टाइप 1 मधुमेह झाल्याचं निदान झालं की आई-बाबांचं पहिलं वाक्य बहुतेकदा ठरलेलं असतं : "पण आमच्याकडे तर कोणालाच शुगर नाही!" ते खोटं बोलत नसतात. हा आजार झालेल्या दहातल्या जवळजवळ नऊ मुलांच्या सख्ख्या नात्यात तो कोणालाही नसतो. मग शेजारपाजारचे विचारतात, "गोड फार खायचा का हो?" त्याचा इथे काडीचाही संबंध नाही. हा आपल्या ओळखीचा, चाळिशीनंतर पोटाच्या घेराबरोबर येणारा मधुमेह नव्हे. यात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींना परक्या समजून मारत सुटते.

ती असं का करते, याचा माग काढायला जगातली सर्वांत सोयीची जागा म्हणजे फिनलंडची पूर्व सीमा.

या आजाराचं प्रमाण जगात सर्वाधिक आहे ते फिनलंडमध्ये. तिथे 15 वर्षांखालच्या दर लाख मुलांमागे वर्षाला साधारण 50 ते 60 नवे रुग्ण सापडतात. सीमेपलीकडे रशियातला कारेलिया. तशीच जंगलं, तशीच तळी, तसाच लांबलचक हिवाळा. पण 2005 साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत तिथलं प्रमाण फिनलंडच्या सुमारे एक षष्ठांश निघालं. गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्यावर हल्ला होणाऱ्या सीलिअ‍ॅक आजाराचीही तीच कथा : फिनलंडमध्ये साधारण 107 मुलांमागे एक, कारेलियात 496 मुलांमागे एक. आणि गहू तर दोन्हीकडे खातात!

पहिला संशय अर्थातच जनुकांवर. या आजारात सर्वांत वजनदार जनुकं एचएलए गटातली, सहाव्या गुणसूत्रावरची. त्यांच्यापासून बनणारी प्रथिनं म्हणजे जणू छोटी ताटं. पेशी त्यांत प्रथिनांचे तुकडे वाढून प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींपुढे धरतात आणि टी-पेशी ठरवतात, हे आपलं की परकं. ताटाचा आकार जनुकागणिक बदलतो. 1987 साली लक्षात आलं, की या प्रथिनांतल्या एका साखळीत 57 व्या जागी कोणतं अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाची वीट, बसलंय यावरही मधुमेहाचा धोका बराच कमीजास्त होतो. एवढ्याशा फरकाने ताटात कोणता तुकडा बसेल आणि कोणता निसटेल हेच बदलतं.

पण सीमेच्या दोन्ही बाजूंना ही धोक्याची ताटं जवळपास सारख्याच प्रमाणात सापडली. शिवाय फिनलंडमध्येच 1950 च्या दशकात हे प्रमाण लाखामागे 12 च्या आसपास होतं आणि पन्नास वर्षांत ते साठीच्या आसपास गेलं. दोन पिढ्यांत कुठल्याही समाजाची जनुकं इतकी पालटत नाहीत. धोक्याची जनुकं असलेल्या बहुसंख्य मुलांना हा आजार कधीच होत नाही, हेही आहेच. म्हणजे जनुक दार उघडं ठेवतं, आत शिरणारा कोणी वेगळाच असतो.

तो कोण? कारेलियात तेव्हा गरिबी जास्त, घरं दाटीची, पाणी कमी शुद्ध. हेलिकोबॅक्टर या जठरातल्या जिवाणूच्या खुणा तिथल्या 73 टक्के मुलांच्या रक्तात होत्या, फिनलंडमध्ये फक्त 5 टक्के. पुढे फिनलंडमधलं एस्पो, एस्टोनियातलं तार्तू आणि कारेलियातलं पेत्रोझावोद्स्क इथल्या बाळांचे शी-चे नमुने जन्मापासून तीन वर्षं गोळा केले गेले. (आयांच्या चिकाटीला नमस्कार.) 2016 साली त्यातून एक सुरेख गोष्ट पुढे आली. जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणात लिपोपॉलिसॅकराइड नावाचा पदार्थ असतो, आणि बाळाची प्रतिकारशक्ती त्याच्यावर तालीम करते. रशियन बाळांच्या आतड्यात तो मुख्यतः ई-कोलायकडून येत होता, फिनिश आणि एस्टोनियन बाळांत बॅक्टेरॉइड्सकडून. ई-कोलायचा माल प्रतिकारशक्तीला खडबडून जागं करतो आणि मग शांत राहायलाही शिकवतो. बॅक्टेरॉइड्सचा माल तिला नीट जागंच करत नाही. मधुमेह होणाऱ्या खास जातीच्या उंदरांना ई-कोलायचा पदार्थ टोचला तेव्हा त्यांचा आजार लांबला. बॅक्टेरॉइड्सच्या पदार्थाने तसं झालं नाही.

इथे "मुलांना मातीत लोळू द्या, आजार पळतील" असा फॉरवर्ड तयार होतो. मला तो पटत नाही. हेलिकोबॅक्टर म्हणजे जठराचे व्रण आणि कर्करोग. ते कोणी मुद्दाम अंगावर घ्यावं असं नाही. शिवाय उंदरातलं सगळंच माणसात उतरत नाही. आणि संशय चुकतातही. एकेकाळी गाईच्या दुधावर दाट संशय होता. 15 देशांतल्या 2159 बाळांवर चाचणी झाली : स्तनपान सुटल्यावर निम्म्यांना नेहमीची दूध पावडर, निम्म्यांना आधीच पचवून बारीक केलेल्या प्रथिनांची. 2018 साली निकाल आला, काही फरक नाही.

आज सर्वांत जड संशय आहे तो आतड्यात वाढणाऱ्या एंटेरोव्हायरस कुळातल्या कॉक्ससॅकी-बी विषाणूंवर. गंमत अशी, की हे कूळ कारेलियात जास्त बोकाळलेलं होतं. मग आजार तिथे कमी कसा? पोलिओ आठवा. तो याच कुळातला. अस्वच्छ वस्तीत बाळाला त्याची लागण फार लवकर, आईकडून आलेली प्रतिपिंडं रक्तात असतानाच व्हायची आणि बहुधा निभावायची. स्वच्छता वाढली तशी लागण उशिरा, ते कवच ओसरल्यावर होऊ लागली आणि लुळेपणाच्या साथी श्रीमंत देशांत वाढल्या. कॉक्ससॅकीचंही तसंच असावं, असा तर्क आहे. बीटा पेशींविरुद्धची प्रतिपिंडं अनेक मुलांत एक ते दोन वर्षं वयातच दिसू लागतात, हे त्याच्याशी जुळतं.

आपल्या उपखंडाचाही एक दाखला आहे. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डला दक्षिण आशियातून मोठ्या संख्येने कुटुंबं गेली. त्यांच्या मुलांत टाइप 1 मधुमेहाचं प्रमाण 1978-81 मध्ये लाखामागे 3.1 होतं. 1988-90 पर्यंत ते 11.7 झालं, तिथल्या गोऱ्या मुलांच्या जवळपास. आजी-आजोबांची जनुकं सामानासोबत गेलीच होती, हवा-पाणी-जंतू मात्र तिथले होते.

फिनलंडमधल्या तीन शहरांत 1994 पासून नवजात बाळांच्या नाळेतल्या रक्तात धोक्याची जनुकं तपासतात आणि ती सापडलेल्या मुलांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवतात. कॉक्ससॅकी-बी विरुद्धच्या लशीची पहिली चाचणीही निरोगी प्रौढांवर झाली आहे. लस सुरक्षित दिसली, प्रतिपिंडंही तयार झाली. आता ती द्यायची ती चालायलाही न लागलेल्या, धोक्याच्या जनुकांच्या बाळांना. आणि मग थांबायचं, ती शाळेत जाईपर्यंत.