रक्तावरील प्रकाशप्रक्रिया

ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश पाडून रक्तातील जंतू, नको असलेल्या पेशी किंवा साठलेले रंगद्रव्य निकामी करण्याची वैद्यकीय पद्धत. रक्तपेढीतील प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या सूक्ष्म पेशी) व प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) जंतुमुक्त करणे, काही कर्करोगांत पांढऱ्या पेशींवर उपचार करणे आणि नवजात बाळाची कावीळ उतरवणे हे तिचे प्रस्थापित उपयोग. तिन्ही ठिकाणी खरी अडचण एकच : रक्ताच्या आतपर्यंत प्रकाश पोहोचवायचा कसा?

सांगली-मिरजेच्या रक्तपेढीत ही अडचण नुसत्या डोळ्यांनी दिसते. लाल पेशींची पिशवी ट्यूबलाइटसमोर धरली तरी काळपटच राहते, कारण हिमोग्लोबिन बहुतेक प्रकाश गिळून टाकते. प्लाझ्माची पिशवी मात्र पिवळसर आणि आरपार दिसणारी. प्लेटलेटची पिशवी उजेडात धरून हलकेच दाबली की आत रेशमासारखे भोवरे फिरतात. प्लेटलेटचा आकार शाबूत असल्याची ती खूण आहे. ते भोवरे दिसले नाहीत, तर जाणता तंत्रज्ञ ती पिशवी पुढे देत नाही.

मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल सुरू केले आणि १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. जिल्ह्यातूनच नव्हे, तर उत्तर कर्नाटकातूनही इथे रुग्ण येतात, त्यामुळे रक्ताची मागणी सतत असते. पावसाळा ओसरताना डेंग्यूचे रुग्ण वाढले की प्लेटलेटसाठी नातेवाइकांची धावपळ सुरू होते. (डेंग्यूत नुसता आकडा घसरला म्हणून प्लेटलेट चढवाव्या लागतातच असे नाही. रक्तस्राव होत असेल किंवा आकडा १०,००० च्या खाली गेला असेल, तेव्हा डॉक्टर तसा विचार करतात.) आणि जंतूंच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचा घटकही हाच. लाल पेशी २ ते ६ अंश सेल्सिअसला राहतात, प्लाझ्मा गोठवला जातो, पण प्लेटलेट २० ते २४ अंशांना, सतत हलवत, साधारण ५ दिवस ठेवाव्या लागतात. एवढ्या उबेत चुकून शिरलेला एखादा जिवाणूही झपाट्याने वाढतो. भारतात प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरियासाठी तपासणी सक्तीची आहे. जिवाणू मात्र या यादीत नाहीत. शिवाय संसर्ग अगदी ताजा असेल तर विषाणूही तपासणीतून निसटू शकतो. ही उरलेली फट बुजवण्यासाठी प्रकाश वापरतात.

प्लेटलेटला केंद्रक नसते आणि प्लाझ्मात पेशीच नसतात, तर जंतूंना वाढायचे झाल्यास डीएनए किंवा आरएनए लागतेच. म्हणून वार त्यावरच करायचा. इथे आपल्याकडची बावची आठवल्याशिवाय राहत नाही. बावचीच्या बिया वाटून कोडाच्या डागाला लावायच्या आणि उन्हात बसायचे, हा आयुर्वेदातला जुना उपचार. (घरच्या घरी करू नये, त्वचा भाजून फोड येतात.) त्या बियांत सोरालेन असते. अतिनील-ए किरण पडताच ते डीएनएचे दोन्ही धागे एकमेकांना सांधून टाकते आणि जंतूची वाढ थांबते. प्रयोगशाळेत बनवलेले ॲमोटोसॅलेन हे सोरालेनच्याच कुळातले. ते पिशवीत मिसळून ३२० ते ४०० नॅनोमीटरचा प्रकाश काही मिनिटे देतात आणि उरलेले रसायन शोषून काढतात. अमेरिकेत या पद्धतीला डिसेंबर २०१४ मध्ये मान्यता मिळाली. दुसऱ्या पद्धतीत रायबोफ्लेविन, म्हणजे जीवनसत्त्व ब-२, आणि अतिनील किरण वापरतात. हे जीवनसत्त्व नंतर काढून टाकावे लागत नाही. प्लाझ्मासाठी मिथिलीन ब्लू हा निळा रंग आणि दृश्य प्रकाश अशीही एक पद्धत आहे. कोणतेही रसायन न घालता नुसते २५४ नॅनोमीटरचे अतिनील-सी किरण द्यायचे झाले, तर ते द्रवात फार खोल जात नाहीत. मग पिशवी सपाट पसरून जोरात हलवावी लागते, म्हणजे प्रत्येक थेंब पृष्ठभागाशी येतो.

याची किंमतही मोजावी लागते. थोड्या प्लेटलेट वाया जातात, प्लाझ्मातील गोठण घटक काहीसे घटतात. हिपॅटायटिस ए आणि पार्व्होसारखे बाह्यावरण नसलेले विषाणू, तसेच जिवाणूंचे बीजाणू बऱ्यापैकी तग धरतात. म्हणून तपासणी आणि स्वेच्छा रक्तदाता यांना हा पर्याय नाही. लाल पेशींसाठी प्रकाशाविना चालणाऱ्या रसायनांवर काम चालू आहे. तरीही घानातील कुमासी येथे रायबोफ्लेविन व अतिनील किरणांनी अखंड (घटक वेगळे न केलेल्या) रक्तावर प्रक्रिया करून पाहिली गेली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत मलेरियाचे परजीवी असलेले रक्त मिळालेल्यांपैकी प्रक्रिया न केलेल्या गटात ३७ पैकी ८ जणांना, तर प्रक्रिया केलेल्या गटात २८ पैकी एकालाच रक्तातून मलेरिया झाला.

याच सोरालेनचा आणखी एक वापर म्हणजे फोटोफेरेसिस. रुग्णाच्या पांढऱ्या पेशी यंत्रात वेगळ्या काढून, औषध व अतिनील-ए देऊन परत शरीरात सोडतात. येल विद्यापीठातील रिचर्ड एडलसन व सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये त्वचेच्या टी-पेशी लिम्फोमावर (एका जातीच्या पांढऱ्या पेशींचा कर्करोग) या उपचाराचे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

नाकात किंवा मनगटावर लेझर लावून 'रक्तशुद्धी' करून देण्याच्या जाहिरातींचा वरील पद्धतींशी संबंध नाही. त्या दाव्यांना भक्कम पुरावा नाही. मधुमेह किंवा रक्तदाबाची चालू औषधे त्यापायी बंद करणे घातक आहे.

सर्वसामान्य घरात या तंत्राची गाठ पडते ती बाळाच्या कावीळीत. इंग्लंडमधील रॉचफर्ड रुग्णालयात १९५६ मध्ये जीन वॉर्ड या परिचारिकेने पाहिले, की उन्हात ठेवलेल्या बाळाची त्वचा उघडी राहिलेल्या भागावर कमी पिवळी झाली आहे. तिथेच खिडकीतल्या उन्हात राहिलेल्या रक्ताच्या नळीतही बिलिरुबिन, म्हणजे कावीळीचे पिवळे रंगद्रव्य, घटलेले आढळले. १९५८ मध्ये क्रेमर व सहकाऱ्यांनी दिव्याखालच्या उपचाराचा अहवाल प्रसिद्ध केला. साधारण ४६० ते ४९० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशात बिलिरुबिनच्या रेणूची ठेवण बदलते, आणि यकृताची प्रक्रिया न होताही ते पित्तातून व लघवीतून बाहेर पडते. बाळाच्या डोळ्यांवर पट्टी बांधतात, अंगावर फक्त लंगोट ठेवतात, दूध चालूच असते. आजी सांगते ते कोवळे ऊन मायेचे खरे, पण त्याची मात्रा मोजता येत नाही आणि बाळ गारठू किंवा भाजू शकते. पहिल्या २४ तासांत दिसलेली कावीळ, तळहात-तळपायांपर्यंत उतरलेला पिवळेपणा किंवा दूध ओढायचे सोडून सुस्तावलेले बाळ, यांपैकी काहीही दिसले तर उन्हाची वाट न पाहता बाळाला दवाखान्यात न्यावे.