नकाशावरची कोरी जागा

२६ जुलै २००५. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच चोवीस तासांत कुलाब्याचा आकडा होता जेमतेम ७३. शहर एकच, दोन वेधशाळांमधलं अंतर वीस-पंचवीस किलोमीटर. त्या दिवशी कुणी फक्त कुलाब्याच्या आकड्यावरून मुंबईचा अंदाज बांधला असता, तर त्याला तो जुलैतला नेहमीचा पावसाळी दिवस वाटला असता. तिकडे मिठी नदी घराघरांत शिरली होती आणि माणसं रात्रभर बसमध्ये, ऑफिसात, अनोळखी लोकांच्या घरी अडकून पडली होती.

बिघाड कुठल्याच पर्जन्यमापकात नव्हता. पर्जन्यमापक तो जिथे उभा आहे तिथलाच पाऊस सांगतो, इतकंच.

'स्मार्ट सिटी' आणि 'बिग डेटा' हे शब्द कानावर आले की मला हे दोन आकडे आठवतात. आपल्याकडे २०१५ साली स्मार्ट सिटी मिशन सुरू झालं, त्यात १०० शहरं निवडली गेली आणि त्या सगळ्या शहरांत नियंत्रण कक्ष उभे राहिले. भिंतभर पडदे, त्यांवर चौकाचौकांतले कॅमेरे, कुठे कचऱ्याच्या गाड्यांची जागा, कुठे हवेतल्या धुळीचे आकडे. याखेरीज शहरातला प्रत्येक माणूस दिवसभर नकळत नोंदी मागे सोडत असतो. खिशातला फोन, बसचं तिकीट, विजेचा मीटर, महापालिकेच्या अ‍ॅपवरची तक्रार. वहीत मावणार नाही, माणसाला वाचून संपणार नाही इतक्या प्रचंड आणि सतत वाहत्या नोंदींना बिग डेटा म्हणतात. या नोंदी शहराला खरंच शहाणं करू शकतात. पण पर्जन्यमापक कुठे उभा आहे, हा प्रश्न तिथेही सुटलेला नाही.

उदाहरण खड्ड्यांचंच घेऊ.

२००८ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या संशोधकांनी बोस्टन परिसरातल्या ७ टॅक्सींमध्ये त्वरणमापक आणि जीपीएस बसवले. त्वरणमापक आज प्रत्येक स्मार्टफोनमध्ये असतो. सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म तुकडा तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेला असतो. फोन हलला की तो तुकडा किंचित मागे रेंगाळतो, शेजारच्या पट्ट्यांपासूनचं त्याचं अंतर बदलतं आणि त्या फरकावरून धक्क्याची दिशा आणि जोर कळतो. फोन आडवा फिरवल्यावर पडद्यावरचं चित्र फिरतं ते याच तुकड्यामुळे.

गाडी खड्ड्यात आदळली की वर-खाली दिशेत मोठा धक्का नोंदला जातो. पण धक्का गतिरोधकावरही बसतो, रेल्वे फाटकावरही बसतो, कुणी दार धाडकन लावलं तरी बसतो. मग खड्डा ओळखायचा कसा? संशोधकांनी एकामागून एक चाळण्या लावल्या. गाडी थांबलेली किंवा अगदी हळू असेल तर नोंद बाद, म्हणजे दाराचा धक्का गळाला. वळण घेताना किंवा ब्रेक लावताना येणारे संथ बदल दुसऱ्या चाळणीत गेले. सगळ्यात सुंदर मला आणखी एक चाळणी वाटते. गतिरोधक किंवा रेल्वे फाटक रस्त्याच्या पूर्ण रुंदीत असतं, त्यामुळे दोन्ही बाजूंची चाकं एकदमच उचलली जातात. खड्डा बहुतेक वेळा एकाच बाजूच्या चाकाखाली येतो आणि गाडी कलंडल्यासारखी हलते. म्हणजे वर-खाली धक्क्याबरोबर आडवा झोकाही असेल तर खड्डा, नसेल तर गतिरोधक. जे आपल्या कंबरेला आधीपासून ठाऊक आहे, तेच गणितात बसवलेलं.

पुढे बोस्टनच्या महापालिकेनेच याच कल्पनेवर 'स्ट्रीट बंप' नावाचं अ‍ॅप आणलं. नागरिकाने ते सुरू करून गाडी चालवायची, बाकीचं काम फोन करणार. दरवर्षी सुमारे २०,००० खड्डे बुजवणाऱ्या शहराला हे वरदानच वाटावं. ना तक्रार करायला हवी, ना पाहणीला माणूस पाठवायला हवा.

पण गाडी कुणाकडे आणि स्मार्टफोन कुणाकडे? केट क्रॉफर्ड या अभ्यासक महिलेने २०१३ साली नेमकं यावर बोट ठेवलं. तेव्हा अमेरिकेत कमी उत्पन्नाच्या लोकांकडे स्मार्टफोन कमी होते आणि ज्येष्ठांमध्ये हे प्रमाण काही ठिकाणी १६ टक्क्यांपर्यंत खाली होतं. अ‍ॅपच्या नकाशावर खड्डे दिसणार ते जिथे तरुण, कमावती, गाडीवाली माणसं राहतात तिथले. महापालिकेने त्या नकाशाबरहुकूम डांबर ओतलं, तर चांगले रस्ते आणखी चांगले होणार आणि वाईट रस्ते नकाशावर गुळगुळीतच दिसत राहणार. यात कुणाचा वाईट हेतू असायची गरजच नाही. पक्षपात आपोआप होतो, म्हणूनच तो लक्षात यायला वेळ लागतो.

बोस्टनच्या अधिकाऱ्यांना हा धोका ठाऊक होता, आणि त्यांनी काढलेला उपाय अगदी साधा होता. अ‍ॅप आधी महापालिकेच्या रस्ते-निरीक्षकांच्या गाड्यांमध्ये बसवलं, कारण त्या गाड्या शहराच्या सगळ्या भागांत सारख्याच फिरतात. नागरिकांच्या नोंदी त्यावर भर म्हणून घेतल्या. मला हा निर्णय त्या सगळ्या चाळण्यांइतकाच शास्त्रीय वाटतो.

आपल्या रस्त्यांचा विचार केला तर आणखी एक अडचण दिसते. रोजच्या रस्त्यावरचा मोठा खड्डा सगळ्यांना पाठ असतो. दुचाकीवाले वीस फूट आधीच हँडल वळवतात, रिक्षावाले लेन सोडतात. ज्याला सगळे टाळतात त्या खड्ड्यात कुणाचाच फोन आदळत नाही. म्हणजे सगळ्यात कुप्रसिद्ध खड्डाच यंत्राच्या नोंदीतून निसटू शकतो. तो कळतो चौकातल्या चहावाल्याला, कारण त्याने तिथे पडलेली माणसं उचललेली असतात. यंत्राची नोंद आणि माणसाची साक्ष, दोन्ही लागतात.

'एवढा प्रचंड डेटा असेल तर चुका आपोआप बुजतील' असा एक समज आहे. तो अर्धा खरा आहे, आणि कुठला अर्धा हे समजून घेण्यासारखं आहे.

समजा एका रस्त्यावर पाणी भरलंय आणि लोक ते किती खोल आहे हे कळवताहेत. कुणी म्हणतं गुडघाभर, कुणी म्हणतं मांडीपर्यंत. उंची वेगळी, अंदाज वेगळा. प्रत्येकाचा अंदाज साधारण १० सेंटिमीटरने चुकतो असं धरू, कुणाचा वर, कुणाचा खाली. अशा १०० जणांची सरासरी काढली तर चूक साधारण १ सेंटिमीटरवर येते, कारण चूक नोंदींच्या संख्येच्या वर्गमुळाने कमी होते. शंभराचं वर्गमूळ दहा, म्हणून दहापट अचूकता. सामान्य माणसांच्या ओबडधोबड अंदाजांतून इतकं नेमकं माप निघतं, ही संख्याशास्त्राची किमया आहे.

आता समजा कळवणारे सगळे पदपथावर उभे आहेत. पदपथ रस्त्यापेक्षा वीतभर उंच. प्रत्येकाचं माप वीतभर कमी येणार आणि सगळ्यांची चूक एकाच दिशेने असणार. इथे शंभर काय, एक लाख नोंदी आल्या तरी ती वीत जशीच्या तशी राहते. वर आकडा मोठा दिसल्यामुळे आपला विश्वास मात्र वाढतो.

१९३६ साली अमेरिकेत याचा मोठा धडा मिळाला. 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीआधी सुमारे १ कोटी लोकांना टपालाने मतपत्रिका धाडल्या आणि वीस लाखांहून जास्त परत आल्या. त्यावरून त्यांनी रूझवेल्ट यांच्याविरुद्ध उभे असलेले लँडन जिंकणार असं जाहीर केलं. प्रत्यक्षात ४८ पैकी ४६ राज्यं रूझवेल्ट यांनी जिंकली. पत्ते मुख्यतः टेलिफोनच्या याद्या आणि मोटारींच्या नोंदणीतून घेतले होते. मंदीच्या त्या काळात फोन आणि मोटार असणारी माणसं म्हणजे अख्खी अमेरिका नव्हती. शिवाय ज्यांना पाठवलं त्यातल्या जेमतेम चौथाई लोकांनी उत्तर दिलं होतं. मतचाचण्या घेणारे जॉर्ज गॅलप यांनी त्यामानाने फार लहान नमुना घेऊन निकाल बरोबर सांगितला.

माणसांच्या साक्षीचा चांगला उपयोग कसा करावा, हे पाहायचं तर जकार्ताकडे पाहावं. त्या शहरातून १३ नद्या वाहतात. भूजलाच्या उपशामुळे उत्तरेकडची जमीन खचत चालली आहे, आणि पूर जवळजवळ दरवर्षीचा. जकार्तातले लोक ट्विटरवर (आताच्या एक्सवर) भरभरून लिहिणारे. २०१४ च्या अखेरीस तिथे 'पेता जकार्ता' नावाचा प्रकल्प सुरू झाला. पेता म्हणजे नकाशा. जकार्तातून कुणी 'बांजिर', म्हणजे पूर, हा शब्द लिहिला की त्याला आपोआप उत्तर जायचं: तुमच्याकडे पाणी भरलंय का? असेल तर जागेची नोंद चालू करून पुन्हा कळवा. पडून असलेले शब्द उपसत बसण्यापेक्षा थेट माणसालाच विचारायचं, हे त्यातलं मर्म. आलेल्या नोंदी नकाशावर उमटायच्या, आपत्ती व्यवस्थापनाची यंत्रणा तोच नकाशा पाहायची आणि घरी निघालेला माणूसही तोच पाहून रस्ता ठरवायचा. पुढे याचं 'पेता बंचाना' झालं, म्हणजे आपत्तीचा नकाशा, आणि तो इतर शहरांतही पोचला. मुंबईतही आयआयटीच्या 'मुंबई फ्लड' या संकेतस्थळावर पाणी कुठे तुंबलंय हे नागरिकांना कळवता येतं.

इथेही कोऱ्या जागेचा प्रश्न येतोच. २०१२ साली 'सँडी' वादळ न्यूयॉर्कवर आदळलं तेव्हा काही दिवसांत २ कोटींहून जास्त ट्वीट्स लिहिली गेली. त्यातली सर्वाधिक मॅनहॅटनमधली. नुसती ती मोजली असती तर सगळ्यात मोठा तडाखा मॅनहॅटनला बसला असं वाटलं असतं. रॉकअवे, कोनी आयलंड या किनाऱ्यालगतच्या वस्त्यांत हाल जास्त होते, पण तिथली वीज गेली होती, फोन मेले होते. अशा वेळी जिथून एरवी रोज बोलणं ऐकू येतं तिथून अचानक काहीच आलं नाही, तर ती शांतता हीच मोठी नोंद मानून मदतीची बोट तिकडे आधी पाठवायला हवी.

लोकांनी नोंदी द्याव्यात असं म्हणताना त्यांच्या खाजगीपणाची जबाबदारीही घ्यावी लागते. २०१३ साली १५ लाख लोकांच्या मोबाइल नोंदी तपासल्यावर असं दिसलं की नाव-नंबर काढून टाकले तरी जागा आणि वेळ यांच्या अवघ्या ४ जोड्यांवरून ९५ टक्के माणसं वेगळी ओळखता येतात. 'नाव काढलंय, आता काळजी नको' हे उत्तर पुरेसं नाही. जे काम नुसत्या आकड्याने भागतं, तिथे माणसाचा माग ठेवूच नये.

आणि जे कुठल्याच नोंदीत नाहीत त्यांचं काय? पुण्यात २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं सुचवून घेतली जातात: पदपथ, दिवे, बसथांबे. चांगली सोय आहे. पण अर्ज येतात ते ज्यांना अर्जाची तारीख कळते त्यांचेच. झोपडपट्टी तर विकास आराखड्यात कित्येकदा एका ठिपक्यासारखी किंवा एकसलग करड्या पट्ट्यासारखी असते, आत किती घरं, कुठे गटार, काहीच नाही.

१९९३ साली पुण्यात सुरू झालेली 'शेल्टर असोसिएट्स' ही संस्था या करड्या पट्ट्याच्या आत शिरली. वस्तीतल्याच लोकांना सोबत घेऊन घरोघर पाहणी करायची, प्रत्येक घर उपग्रहाच्या चित्रावर आखायचं आणि त्याला कुटुंबाची माहिती जोडायची. पुणे, सांगली, कोल्हापूर अशा शहरांत हे काम झालं. शौचालय नसलेली घरं आणि ड्रेनेजच्या वाहिन्या एकाच नकाशावर ठेवल्या की कुठल्या घराला लगेच जोडणी देता येईल आणि कुठे आधी वाहिनी टाकावी लागेल हे चटकन दिसतं. संस्थेच्या 'एक घर एक शौचालय' या कामाचा पाया हाच नकाशा. महापालिकेच्या पैशाला त्यामुळे दिशा मिळते, आणि 'इथे जागाच नाही' या उत्तराला नकाशा दाखवता येतो.

या संस्थेने वस्त्यांतल्या घरांना 'प्लस कोड' देण्याचं कामही केलं. प्लस कोड म्हणजे अक्षांश-रेखांशावरून तयार होणारा छोटा पत्ता. त्याच्या १० चिन्हांत साधारण १४ मीटर बाजूचा चौकोन सापडतो. दाटीच्या वस्तीत एवढ्या चौकोनात कित्येक घरं बसतात, म्हणून अकरावं चिन्ह लावायचं आणि चौकोन सुमारे ३ मीटरचा होतो. गल्लीला नाव नसलं तरी चालतं, घराला क्रमांक नसला तरी चालतं. अकरा चिन्हांची ती पाटी दारावर लागली की रुग्णवाहिकेला फोनवर सांगायला पत्ता असतो, आणि गटार तुंबल्याची तक्रार नकाशावर बरोबर त्याच दारासमोर उमटते.