जर्मनीत सरकारी निविदा हुकली, तर दाद कुठे आणि कशी मागायची?

शुक्रवारी संध्याकाळी पाचला दहा मिनिटं कमी असताना निविदा पोर्टलवर एक संदेश येऊन पडला होता. मी तो उघडला सोमवारी सकाळी, कॉफी घेता घेता. आमची निविदा नाकारली होती, दुसऱ्या कंपनीला काम द्यायचं ठरलं होतं, आणि खाली लिहिलं होतं की दहा दिवसांनी करार होईल. मी सोमवारपासून दहा दिवस मोजले, कॅलेंडरवर पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी लाल गोल केला आणि निवांत झाले. दुसऱ्या दिवशी वकीलबाईंशी फोनवर बोलले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पाठवलं कधी?" मोजणी मी वाचलं तेव्हापासून नाही, त्यांनी पाठवलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. म्हणजे शनिवारपासून, आणि शनिवार-रविवारसुद्धा धरायचे. दहावा दिवस सोमवार. माझे तीन दिवस हिशेबातच गेले होते.

स्टुटगार्टमध्ये आयटी कंपनीत निविदांचं काम करताना शिकलेलं इथे लिहिते आहे. पुण्या-मुंबईच्या बऱ्याच कंपन्यांच्या शाखा आता इकडे आहेत, आणि सरकारी कामाला हात घातला की हा प्रसंग कधी ना कधी येतोच.

कायदा कोणता, कचेरी कोणती

जर्मनीत स्पर्धा कायदा आणि सरकारी खरेदीचा कायदा एकाच पुस्तकात आहेत. 1958 पासून लागू असलेला हा स्पर्धाविषयक कायदा थोडक्यात 'गे-वे-बे' म्हणून ओळखला जातो. 1999 पासून त्यात सरकारी खरेदीचाही भाग आला. हा चौथा भाग कलम 97 पासून सुरू होतो. म्हणूनच मोठ्या वकिली फर्ममध्ये कार्टेलची (कंपन्यांनी आपसांत दर ठरवल्याची) प्रकरणं आणि निविदांची प्रकरणं बघणारी माणसं अनेकदा एकाच मजल्यावर बसतात.

निविदेविरुद्धची तक्रार आधी कोर्टात जात नाही. ती जाते 'फेरगाबेकामर'कडे. हे निविदांचे वाद ऐकणारं मंडळ असतं. केंद्र सरकारच्या कामांसाठी ते बॉनमध्ये, स्पर्धा आयोगाच्याच छत्राखाली आहे. राज्यांची, नगरपालिकांची कामं असतील तर त्या त्या राज्याचं मंडळ: बाडेन-व्युर्टेम्बर्गचं कार्ल्सरूहेला, दक्षिण बव्हेरियाचं म्युनिकला, उत्तर बव्हेरियाचं आन्सबाखला. कुठल्या मंडळाकडे जायचं ते निविदेच्या जाहिरातीतच छापलेलं असतं, तिथूनच उतरवून घ्या.

हा रस्ता फक्त मोठ्या कामांना. युरोपीय संघाच्या रकमेच्या मर्यादा दर दोन वर्षांनी बदलतात. 1 जानेवारी 2026 पासून बांधकामासाठी 54,04,000 युरो, केंद्रीय खात्यांच्या माल-सेवांसाठी 1,40,000 आणि राज्य-नगरपालिकांच्या माल-सेवांसाठी 2,16,000 युरो. या आकड्यांत व्हॅट धरायचा नाही. मर्यादेखालच्या कामांना ठ्युरिंगेन, झाक्सेन-आनहाल्ट अशा काही राज्यांनी वेगळी सोय ठेवली आहे. बाकी ठिकाणी दिवाणी कोर्टातून तातडीचा मनाई हुकूम मिळवावा लागतो, आणि ती वाट बरीच अवघड आहे.

अर्ज कोण करू शकतं

कलम 160 तीन गोष्टी मागतं. त्या कामात तुम्हाला खरा रस हवा, आणि तो दाखवायचा सोपा मार्ग म्हणजे निविदा भरलेली असणं. खरेदीच्या नियमांनी दिलेला तुमचा हक्क मोडला गेला, असं तुमचं म्हणणं हवं. आणि त्यामुळे तुमचं नुकसान झालं किंवा होऊ घातलं आहे, हे दिसायला हवं. बहुतेकांचं घोडं अडतं ते या तिसऱ्या अटीवर. तुम्ही पाचव्या क्रमांकावर असाल आणि चूक दुरुस्त केली तरी वरचे तिघे जागचे हलणार नसतील, तर मंडळ विचारणार की तुमचं गेलं काय?

भारतीय कंपन्यांनी आणखी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. 22 ऑक्टोबर 2024 रोजी युरोपीय न्यायालयाने 'कोलिन' प्रकरणात निकाल दिला. क्रोएशियातल्या एका रेल्वेमार्गाच्या कामावरून एका तुर्की बांधकाम कंपनीने दाद मागितली होती. न्यायालय म्हणालं की ज्या देशाचा युरोपीय संघाशी सरकारी खरेदीचा करार नाही, तिथल्या कंपनीला युरोपीय निर्देशांच्या आधारे समान वागणूक मागता येणार नाही. तिला आत घ्यायचं की नाही ते काम देणारी कचेरी ठरवेल. जागतिक व्यापार संघटनेच्या सरकारी खरेदी करारात भारत फक्त निरीक्षक आहे, सदस्य नाही. तेव्हा निविदा पुण्याच्या प्रायव्हेट लिमिटेडच्या नावावर भरली आहे की इथे नोंदवलेल्या 'गे-एम-बे-हा'च्या, म्हणजे जर्मन मर्यादित कंपनीच्या, याने जमीन-अस्मानाचा फरक पडतो. हा प्रश्न निविदा भरण्याआधीच वकिलाला विचारावा. नंतर विचारणं म्हणजे वरातीमागून घोडं.

आधी हरकत, मग अर्ज

मंडळाकडे थेट धावता येत नाही. आधी काम देणाऱ्या कचेरीला चूक दाखवून द्यावी लागते. या हरकतीला 'ऱ्यूगे' म्हणतात. चूक लक्षात आल्यापासून 10 दिवसांच्या आत ती करायची, तेही कॅलेंडरचे दिवस. जाहिरातीत किंवा निविदेच्या कागदपत्रांतच जी चूक वाचून दिसण्यासारखी होती, तिच्यावर निविदा भरण्याच्या शेवटच्या तारखेपर्यंतच बोलता येतं. "गुणांकनाची पद्धत आम्हाला तेव्हाच खटकली होती" हे हरल्यावर सांगून उपयोग नाही. उलट तेच वाक्य तुमच्या अंगाशी येतं.

हरकतीला ठराविक नमुना नाही, पण ती लेखी आणि पोर्टलमधूनच द्यावी, म्हणजे वेळेची नोंद राहते. कुठला मुद्दा, कुठल्या पानावर, काय चुकलं आणि काय दुरुस्त करा, एवढं पुरे. रागाचे चार शब्द काढून टाका. कचेरीने "आम्ही काही बदलणार नाही" असं कळवलं की त्या दिवसापासून मंडळाकडे जायला 15 दिवस मिळतात.

पण त्या 15 दिवसांच्या भरवशावर राहू नका, कारण शेजारी दुसरं घड्याळ चालू असतं. निविदा नाकारल्याचं पत्र इलेक्ट्रॉनिक मार्गाने आलं असेल तर 10 दिवसांनी, टपालाने आलं तर 15 दिवसांनी करार करायला कचेरी मोकळी होते. नियमाने झालेला करार मंडळ मोडत नाही. उरतो फक्त भरपाईचा दावा. हे पत्रच न पाठवता करार उरकला असेल तर मात्र तो रद्द ठरवून घेता येतो. करार झाल्याचं कचेरीने कळवल्यापासून 30 दिवसांत आणि करारापासून फार तर 6 महिन्यांत.

आणखी एक बारकावा: करार अडतो तो तुम्ही अर्ज दिला म्हणून नव्हे, तर मंडळाने कचेरीला अर्जाची खबर दिली म्हणून. शेवटच्या दिवशी संध्याकाळी अर्ज टाकला आणि खबर दुसऱ्या दिवशी गेली, तर मधल्या वेळात सही झालेली असू शकते. आमचा अर्ज अखेर सोमवारी सकाळी नऊ वाजता गेला. खबर पोचली का, हे विचारायला वकीलबाईंनी दुपारपर्यंत दोनदा मंडळाला फोन केला.

कागदपत्रं

अर्जात कोणाविरुद्ध, काय मागणी, काय घडलं, पुरावा कोणता आणि हरकत कधी घेतली, हे सगळं यावं लागतं. सोबत जोडायचे कागद: युरोपीय पोर्टलवरची जाहिरात, निविदेची पूर्ण कागदपत्रं, तुमची भरलेली निविदा, पोर्टलमधला सगळा पत्रव्यवहार, नकाराचं पत्र, हरकत आणि तिचं उत्तर, कंपनीच्या नोंदणीचा उतारा, वकीलपत्र. कामकाज जर्मनमध्ये चालतं, तेव्हा इंग्रजी कागदांची भाषांतरं लागतात. कंपनीचं कार्यालय जर्मनीत नसेल तर कागद स्वीकारायला इथला एक प्रतिनिधी नेमावा लागतो. सहसा वकीलच ते काम करतो. आणि अर्जासोबत 2,500 युरो आगाऊ भरल्याची पावती ठेवा. ती नसेल तर अर्ज पुढे सरकायला वेळ लागतो.

एक काम मात्र कोणी सांगत नाही. तुमच्या निविदेतले दर, मनुष्यबळाचा हिशेब, ग्राहकांची नावं जिथे जिथे असतील तिथे 'व्यावसायिक गुपित' अशी खूण करून द्या. प्रतिस्पर्धीही या प्रकरणात पक्षकार होतो आणि त्याला फाइल बघायचा हक्क असतो. खूण नसेल तर तुमची हरकत नाही, असं मंडळ धरू शकतं.

वकील कसा निवडायचा, खर्च किती

मंडळासमोर वकील सक्तीचा नाही. तरी एकट्याने जाऊ नये, असं मला अनुभवाने वाटतं. 2015 पासून निविदा कायद्यातला 'फाखआनवाल्ट', म्हणजे मान्यताप्राप्त विशेषज्ञ वकील, अशी पदवी आहे. त्यासाठी किमान 120 तासांचं शिक्षण आणि प्रत्यक्ष प्रकरणांचा अनुभव लागतो, शिवाय दरवर्षी 15 तासांची उजळणी. देशभरच्या वकिलांच्या अधिकृत यादीत ती पदवी तपासता येते. 1949 साली स्टुटगार्टमध्ये सुरू झालेल्या ग्लाइस लुट्ससारख्या मोठ्या फर्म आहेत, तसे फक्त निविदांचंच काम करणारे दोन-तीन वकिलांचे छोटे गटही आहेत. पहिल्याच फोनला कचेरीचं आणि जिंकलेल्या कंपनीचं नाव सांगा. काही फर्म प्रामुख्याने सरकारी खात्यांना सल्ला देतात. तुमचं प्रकरण त्यांना घेता येणार नाही, हे दोन दिवसांनी कळण्यात अर्थ नाही.

प्रतिस्पर्ध्यांनी आपसांत ठरवून दर भरल्याचा संशय असेल तर मात्र कार्टेलवाला वकील लागतो. जर्मनीत तो फौजदारी गुन्हा आहे. रेल्वेच्या रुळांच्या पुरवठादारांनी असंच संगनमत केलं होतं. 2012 मध्ये स्पर्धा आयोगाने त्यांपैकी चार कंपन्यांना मिळून 12 कोटी 45 लाख युरोंचा दंड ठोठावला.

मंडळाचं शुल्क 2,500 युरोंपासून सुरू होतं आणि सहसा 50,000 च्या वर जात नाही. अपवादात्मक प्रकरणांत ते 1,00,000 पर्यंत जाऊ शकतं. वकिलाच्या कायद्याने ठरवलेल्या फीसाठी तुमच्या निविदेच्या रकमेचे 5 टक्के हा आधार धरतात. 20 लाखांची निविदा असेल तर हा आधार 1 लाख, फी नव्हे. पण बरेच वकील तासावर पैसे घेतात. जिंकलात तरी समोरून मिळते ती कायद्याने ठरवलेली फी, तीही वकील घेणं गरजेचं होतं असं मंडळाने म्हटलं तर. मधला फरक तुमच्याच खिशातून.

पुढे काय

मंडळाने 5 आठवड्यांत निर्णय द्यायचा असतो. अवघड प्रकरणात अध्यक्ष मुदत वाढवतात. मुदतवाढ न देताच ती उलटली, तर अर्ज फेटाळला असं धरून वरच्या कोर्टात जायचं. निर्णय हातात पडल्यापासून 2 आठवड्यांत उच्च प्रादेशिक न्यायालयात अपील करता येतं. बॉनच्या मंडळाविरुद्ध ते ड्युसेलडॉर्फला. इथे खासगी कंपनीच्या अपिलावर वकिलाची सही लागतेच. ऑगस्ट 2025 मध्ये जर्मन मंत्रिमंडळाने ही सगळी प्रक्रिया वेगवान करणारा मसुदा मंजूर केला, आणि अपिलाच्या काळात करार थांबून राहतो का, हा मुद्दाही त्यात होता. म्हणून अपिलाआधी कलम 173 चा त्या दिवशी लागू असलेला मजकूर वकिलाकडून वाचून घ्या.