सैंधव आणि पादेलोण : एक खाणीत सापडते, दुसरे भट्टीत घडते

काही वर्षांपूर्वी आषाढी एकादशीला आमच्या घरी साबुदाण्याची खिचडी पानात वाढली, वरून लिंबू पिळले आणि उकडलेल्या अंड्याचा वास दरवळला. उपवासाच्या दिवशी, तेही अंडे घरात न येणाऱ्या कुटुंबात, हा वास आला कुठून याचा शोध घेतल्यावर मिठाच्या पाकिटापर्यंत पोहोचायला वेळ लागला नाही. दुकानात सुटे सैंधव मागितले होते, पुडीत फिकट गुलाबी पूड बांधून मिळाली आणि ती पादेलोणाची निघाली. दुकानदाराची चूक होती हे खरे, पण ती अगदीच न समजण्यासारखी नव्हती, कारण खडा असेपर्यंत ही दोन मिठे कोणीही ओळखू शकतो. कुटून बारीक केली की दोन्ही गुलाबीसर होतात आणि घोटाळा सुरू होतो.

खड्यांतला फरक मात्र ठळक आहे. सैंधवाचा, म्हणजेच शेंदेलोणाचा, खडा पांढरा किंवा लालसर, अर्धपारदर्शक आणि स्फटिकासारख्या सपाट बाजूंनी फुटणारा असतो. उजेडासमोर धरला तर आत तांबूस धुके अडकल्यासारखे दिसते. पादेलोणाचा खडा जांभळट काळा आणि अपारदर्शक असतो व त्याला वास असतो. कुटल्यावर हाच काळा खडा गुलाबी-करडी पूड होतो, त्यामुळे ‘काळे मीठ’ मागणाऱ्याच्या हातात गुलाबी पुडी पडते आणि तो गोंधळतो. पादेलोण या नावाच्या पूर्वार्धाचा त्याच्या वासाशी संबंध जोडण्यासाठी, माझ्या मते, कोणालाही शब्दकोश उघडावा लागत नाही.

सैंधव म्हणजे सिंधूच्या प्रदेशातले. याच अर्थाने तिकडच्या घोड्यालाही संस्कृतात सैंधव म्हणतात, आणि ‘सैन्धवमानय’, म्हणजे ‘सैंधव आण’, हे वाक्य शास्त्रकार पिढ्यान्‌पिढ्या उदाहरण म्हणून देत आले आहेत: जेवताना मालकाने असे म्हटले तर मीठ आणायचे, प्रवासाला निघताना म्हटले तर घोडा. हे मीठ ज्या थरांतून येते ते पाकिस्तानातील पंजाबच्या मिठाच्या डोंगररांगेत आहेत, तिथली झेलम जिल्ह्यातील खेवडा ही खाण जगप्रसिद्ध आहे, आणि 50 कोटी वर्षांहूनही आधी आटलेल्या एका समुद्राचा तो अवशेष आहे. तेव्हा ‘समुद्राचे मीठ नको, सैंधव हवे’ असे म्हणणारा माणूस समुद्राचेच मीठ मागत असतो, फक्त फार जुन्या समुद्राचे. गुलाबी छटा त्यात मिसळलेल्या लोहाच्या संयुगांमुळे येते. भारतात सैंधवाच्या खाणी हिमाचल प्रदेशातील मंडी जिल्ह्यात, द्रंग आणि गुम्मा येथे आहेत, पण आपल्या बाजारात दीर्घकाळ येत राहिले ते मुख्यतः सीमेपलीकडचेच मीठ. 2019 मध्ये पाकिस्तानातून येणाऱ्या मालावर 200 टक्के आयातशुल्क लागले आणि मे 2025 मध्ये ती आयात पूर्णपणे बंद झाली, याची झळ उपवासाच्या फराळालाही पोहोचली.

पादेलोण मात्र कुठल्या खाणीत तयार मिळत नाही. ते घडवावे लागते. पारंपरिक रीतीत खनिज मीठ किंवा सरोवराचे मीठ मातीच्या भांड्यात भरतात, त्यात लोणारी कोळसा आणि हिरडा, आवळा, बेहडा किंवा बाभळीची साल यांसारखी तुरट द्रव्ये घालतात, तोंड बंद करतात आणि भट्टीत कित्येक तास, बहुधा दिवसभर, तापवतात. मीठ वितळते. कोळशातला कार्बन मिठात मुळातच असलेल्या सल्फेटांमधला ऑक्सिजन काढून घेतो आणि त्यांचे सल्फाइड होते. त्यातले काही लोहाशी जुळून काळा रंग देते, तर सोडियम सल्फाइडासारखी संयुगे वासाची तयारी करून ठेवतात. हल्ली सोडियम सल्फेट, लोहाचे सल्फेट आणि कोळसा मोजून मिसळून कारखान्यातही तेच घडवले जाते. एकूण वजनात या संयुगांचा वाटा अगदी थोडा असतो आणि बाकीचे जवळजवळ सगळे सोडियम क्लोराइडच असते, पण जिभेला आणि नाकाला जाणवतो तो हा थोडा वाटाच.

आमच्या खिचडीने लिंबू पिळेपर्यंत आपले गुपित का राखले, याचे उत्तरही इथेच आहे. सल्फाइडाला आम्ल भेटले की हायड्रोजन सल्फाइड हा वायू सुटतो आणि उकडलेल्या अंड्याचा परिचित वास त्याचाच असतो. जलजिऱ्यात, लिंबाच्या सरबतात, उसाच्या रसात, कैरीच्या पन्ह्यात आणि ताकात पादेलोण ‘उठून दिसते’ ते या आंबटपणामुळे; उलट रटरट शिजणाऱ्या भाजीत ते आधीच घातले तर वायू बराचसा उडून जातो आणि मागे नुसता खारटपणा उरतो. म्हणून ते शेवटी, वरून, चिमटीने घालण्याची रीत पडली असावी. अंडे न खाणाऱ्यांसाठी बनवलेल्या बेसनाच्या ‘ऑम्लेट’मध्ये हल्ली हेच मीठ मुद्दाम टाकतात, म्हणजे आमच्याकडे जो अपघात ठरला तो दुसरीकडे पाककृतीचा भाग आहे. घरी पूड ओळखायची असेल तर चिमूटभर पूड वाटीत घेऊन त्यावर लिंबाचे चार थेंब पिळावेत आणि वास घ्यावा. सैंधव गप्प राहते. मात्र ही वाटी चांदीची नसावी, कारण पादेलोणातील गंधकाने चांदीवर काळे डाग पडतात.

आयुर्वेदाने या दोघांना कधीच एक मानले नाही. चरकसंहितेत रोज खाण्यायोग्य म्हणून ज्या पदार्थांची नावे येतात त्यांत साठीचा तांदूळ, मूग, आवळा, दूध, तूप आणि मध यांच्या पंक्तीला लवणांमधून बसते ते सैंधवच. हिंग्वाष्टक चूर्णातल्या आठ द्रव्यांतही तेच असते, तर लवणभास्कर चूर्णात सैंधवाबरोबर समुद्राचे मीठ, सौवर्चल आणि बिड ही लवणेही येतात. यांतले पादेलोण नेमके कोणते, सौवर्चल की बिड, यावर वैद्यांमध्ये मतभेद आहेत; गुजरातीतले संचळ आणि हिंदीतले सोंचर हे शब्द सौवर्चलाकडे बोट दाखवतात. ढोबळपणे सांगायचे तर सैंधव हे रोजच्या ताटातले आणि पादेलोण हे पोट जड झाल्यावर आठवणारे मीठ, अशी विभागणी घराघरांतही दिसते. आवळासुपारीत मात्र दोन्ही सुखाने नांदतात.

उपवासाला सैंधवच का, या प्रश्नाचे एकच एक शास्त्रोक्त उत्तर शोधू नये. जमिनीतून काढून नुसते फोडलेले मीठ अधिक शुद्ध, अशी त्यामागची धारणा आहे. पादेलोण भट्टीतून आणि अनेक द्रव्यांच्या संगतीतून आलेले असल्याने ते काही घरांत वर्ज्य मानतात, तर काही घरांत चालते, आणि महाराष्ट्रात अशीही पुष्कळ घरे आहेत जिथे उपवासाच्या खिचडीत रोजचेच मीठ बिनदिक्कत पडते.

धारणेवर माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो पाकिटांवर छापलेल्या आरोग्याच्या दाव्यांवर. सैंधवात 84 खनिजे असतात, असे वाक्य सर्वत्र फिरते. चांगल्या सैंधवाचा 95 टक्क्यांहून अधिक भाग सोडियम क्लोराइडच असतो आणि उरलेल्या अंशात कितीही मूलद्रव्यांचे माग सापडले तरी ते दिवसाच्या चिमूटभर मिठातून पोटात जातात ते नगण्य प्रमाणात. लोह हवे असेल तर बाजरीची एक भाकरी त्या मिठापेक्षा कितीतरी अधिक देते. ‘रक्तदाबवाल्यांनी सैंधव खावे’ हा सल्ला तर धोक्याचा आहे. शुद्ध मिठाच्या एका ग्रॅममध्ये सुमारे 390 मिलिग्रॅम सोडियम असते, सैंधव आणि पादेलोण त्याच्या फार खाली जात नाहीत, आणि जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मिठाची मर्यादा रंग पाहून बदलत नाही. पादेलोण वासाने जास्त बोलते म्हणून कदाचित कमी पुरते, एवढीच त्याची जमेची बाजू.

दुसरी उणीव आयोडिनाची, आणि ती दोघांनाही सारखीच लागू होते. आयोडीनयुक्त मिठात ग्राहकाच्या हाती पोहोचताना किमान 15 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 15 भाग, आयोडीन असावे असा भारतातला नियम आहे; वेगळे आयोडीन मिसळलेले नसेल तर सैंधवात वा पादेलोणात ते भरवशाच्या प्रमाणात नसते. ज्या मंडी जिल्ह्यात आपल्याकडचे सैंधव निघते, त्याला लागूनच कांगडा आहे, आणि त्याच कांगडा खोऱ्यात 1956 पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मीठ देऊन गलगंडाचे प्रमाण घटवता येते हे दाखवून दिले. त्या कामाचा आधार घेऊन 1962 मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. एकादशीपुरते सैंधव खाल्ल्याने काही बिघडत नाही, पण वर्षभर घरातले सगळे मीठ बदलून सैंधव करायचे, आणि तेही घरात गर्भवती किंवा लहान मूल असताना, हा निर्णय वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेऊ नये असे मला वाटते.

त्या एकादशीची खिचडी शेवटी कोणी खाल्ली नाही आणि वरईच्या तांदळावर भागवले गेले. गुलाबी पूड मात्र बाटलीत भरून तिच्यावर चिठ्ठी चिकटवली आणि दुसऱ्या दिवशी, द्वादशीला पारणे सोडताना, ताज्या ताकात जिऱ्याच्या पुडीबरोबर ती पडली तेव्हा त्याच वासाबद्दल कोणाची तक्रार नव्हती.