दान कुणाचं, नाव कुणाचं

चाळीसगावजवळच्या पाटणला गेलं की बहुतेकांचे पाय पाटणादेवीकडे वळतात. पण धर्मकार्यासाठी पैसा कसा उभा राहतो, याचा खानदेशातला एक जुना आणि सगळ्यात चोख लेखी पुरावा याच पाटणच्या शिलालेखात आहे. साल शके 1128, म्हणजे 13 व्या शतकाची सुरुवात. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवायला इथे मठ काढला. यादवांचे मांडलिक असलेल्या निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिलं. लेख बराचसा संस्कृतात आहे, पण देण्याघेण्याची वेळ आली की तो मराठीत उतरतो. बाजारातल्या मालावरचा राजाचा हिस्सा मठाला. गिऱ्हाइकाकडून पाच पोफळी, म्हणजे सुपाऱ्या. आणि गावात जेवढे घाणे चालतील, तेवढ्यांकडून ‘पळी पळी’ तेल.

मला त्या तेलापेक्षा हिशेब जास्त आवडतो. राजाने काय सोडलं, ब्राह्मणांनी काय दिलं, नगराने काय दिलं, हे दगडावर वेगवेगळं कोरलंय. एकाच्या पदरचं दुसऱ्याच्या नावावर नाही.

पुढे ही शिस्त टिकली असं म्हणवत नाही. खानदेशात कापसाची बाजारपेठ वाढली, तशी शेतकऱ्याच्या पट्टीत, म्हणजे माल विकल्यावर हाती पडणाऱ्या हिशेबाच्या कागदात, कपातींची रांग लागली: अडत, हमाली, तोलाई आणि त्यांच्या शेपटाला धर्मादाय. हा पैसा गोशाळेला, धर्मशाळेला, देवळाला जायचा. जायचाही खरंच, सगळे व्यापारी लबाड नव्हते. पण विकणाऱ्याला कुणी विचारत नसे. 1928 च्या शाही कृषी आयोगाने आपल्या अहवालात देशभरच्या बाजारांमधल्या या कपातीवर बोट ठेवलं. मुंबई इलाख्यात कापूस बाजारांना नियम लावणारा कायदा त्याच्या आदल्याच वर्षी झाला होता. पैसा शेतकऱ्याचा आणि धर्मशाळेच्या दारावरची पाटी शेटजींची, हे मात्र त्यामुळे एका दिवसात थोडंच बदलणार होतं?

स्वतःची थैली सोडणारेही होते. अमळनेरचे गिरणीमालक प्रतापशेठ यांनी 1916 मध्ये तत्त्वज्ञान मंदिर काढलं, अद्वैत वेदान्ताच्या अभ्यासासाठी. साने गुरुजी अमळनेरला आले ते तिथेच शिकायला.

जळगावचा रामरथ वेगळ्या वाटेने उभा राहिला. 1872 मध्ये अप्पा महाराजांनी तो सुरू केला. कार्तिकी एकादशीला ओढायला गाव असतं आणि रथ थांबवायला-वळवायला चाकाखाली मोगरी, म्हणजे लाकडाची पाचर, लावायला तयारीचे हात. रथाआधीच्या दिवसांत देवाची वहनं, म्हणजे वाहनांच्या मिरवणुका, निघतात, त्यांच्या पानसुपारीचा मान घरोघर वाटलेला असतो. पाटणच्या पाच पोफळी मला इथे हमखास आठवतात. मागणाऱ्या माणसावर विश्वास असला की पावती कुणी मागत नाही. अडचण येते ती तो माणूस गेल्यावर.

ती अडचण ओळखूनच 1950 चा सार्वजनिक विश्वस्त कायदा आला. नोंदणी, दरवर्षीची हिशेब तपासणी, उत्सवाची वर्गणी गोळा करायलाही परवानगी. त्या कार्यालयाच्या पाटीवर शब्द तोच, पट्टीतला: धर्मादाय.

खेड्यातल्या सप्त्याची वही अजून या सगळ्याच्या बाहेरच आहे. घरटी ठरलेली रक्कम, कापूस विकला की द्यायची, नाहीतर दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी. आमच्याकडे एका वर्षी भंडाऱ्याच्या आदल्या रात्री बट्ट्यांचं पीठ मळणं चाललं होतं. एक मजूर बाई पदराखाली पायलीभर दादर घेऊन आली. वही बंद झाली होती, एकूण मांडून खाली रेघही मारलेली. ती म्हणाली, ‘‘नाना, आमनं बी नाव लिखी ल्या.’’ नानांनी रेघेच्या खाली नाव लिहिलं आणि सकाळी माइकवर वर्गणीदारांची यादी खालून वर वाचली.